स्टँडर्ड उंची

निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळी सकाळी जे काही येतं त्याची चिरफाड करायचं काम माझं. कुणी नेमून दिलेलं नाही, मीच अंगावर घेतलं. केळ्याच्या सालीचा काढा, तांब्याच्या कड्याने उतरणारी साखर, मोबाईलमुळे मरणाऱ्या चिमण्या, काहीही येवो, मी चहाचा कप बाजूला ठेवून चार ओळींत निकाल लावतो आणि खाली लिहितो, कौतिक सर, विज्ञान. लोक अंगठा दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी तसंच काहीतरी पाठवतात. साप साप म्हणून भुई धोपटायची या लोकांना हौसच आहे. त्या दिवशी आलेला मजकूर लाल अक्षरांत होता. तुमच्या स्वयंपाकघरातला ग्रॅनाईटचा ओटा रोज विषारी वायू सोडतो, आजच उखडून टाका, दहा जणांना पाठवा. मी हसलो. त्या ओट्याला टेकूनच उभा होतो. लिहायला घेतलं, की ग्रॅनाईटमध्ये युरेनियमचा अंश असतो, त्यातून रेडॉन तयार होतो हे खरं, पण प्रमाण इतकं कमी असतं की... आणि आकडा हवा म्हणून शोधायला गेलो. आकडा सापडायच्या आधी एक वाक्य सापडलं. ज्यांनी आयुष्यात कधी तंबाखू ओढली नाही त्यांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमागे रेडॉन हे एक मोठं कारण आहे. माझा ओट्यावरचा हात आपोआप उचलला गेला. उत्तर अर्धंच राहिलं. ग्रुपवर कुणीतरी विचारलंही, सर आज गप्प का.

सुलक्षणा, माझी बायको, फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेली, त्याला दोन वर्षं झाली. नाशिकच्या डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, मावशी, मिसरी लावता का, घरात कुणी बिडी ओढतं का, चूल आहे का. ती प्रत्येकाला नाही म्हणाली आणि शेवटच्याला म्हणाली, यावलला माहेरी होती, पण माझं लग्न होऊन तीस वर्षं झाली, आमच्याकडे ग्रॅनाईटचा ओटा आहे. हे ती डॉक्टरांना अभिमानाने सांगत होती की माझं मन राखायला, ते मला तेव्हाही कळलं नाही. डॉक्टरांनी कागदावर काही लिहिलं नाही. कधी कधी असं होतं, एवढंच म्हणाले. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला कधी कधी असं होतं हे उत्तर पचत नाही. कार्य आहे तर कारण पाहिजे. दोन वर्षं मी ते शोधत होतो आणि ते माझ्या स्वयंपाकघरात चारही बाजूंनी पॉलिश होऊन बसलेलं होतं. रेडॉन मी पंचवीस वर्षं फळ्यावर लिहिला. राजवायूंच्या रकान्यात सगळ्यात खाली. रंग नाही, वास नाही, चव नाही, मुलांनो. मुलं कंटाळून खिडकीबाहेर बघायची.

ओटा माझ्या हट्टाचा, हे सांगितलं पाहिजे. तिला कडप्प्याचा चालला असता, तिला काहीही चाललं असतं. माझा बाप, चिंधा, सोनगीरजवळ हायवेच्या कामावर खडी फोडायचा. त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना नखं नव्हती. आमच्या घरी ओटा नव्हताच, तीन दगड होते आणि पाऊस आला की त्यांतला एक हलायचा. पुढे मी मास्तर झालो, दोंडाईच्याला पहिली नोकरी लागली, एका घरी मागची खोली भाड्याने घेतली. त्या घरात मी पहिल्यांदा काळा चकचकीत ओटा बघितला, दारातून, कारण आत जायचं नाही हे मला कुणी न सांगता समजलं होतं. माझा चहाचा ग्लास वेगळा होता आणि तो मी विसळून खिडकीत पालथा ठेवायचो. लोक वाईट नव्हते, दिवाळीला फराळ द्यायचे. पण मी त्या ओट्याकडे बघून ठरवलं होतं की माझं घर होईल तेव्हा बापाने जे फोडलं तेच मी आरशासारखं करून घरात आणीन आणि माझी बायको त्यावर दूध उतू घालवेल. जळगावला घर बांधलं, अभयकुमार शेठच्या गोदामात गेलो आणि सगळ्यात काळा दगड निवडला. शेठने त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. माझा चेहरा त्यात दिसला. सुलक्षणा मागे उभी होती, तिचा दिसला नाही, ती बुटकी होती.

दीपमाला, आमची एकुलती एक, धुळ्याला दिलेली. जावई प्रशील पोस्टात आहे, चांगला मुलगा. तिला सातवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात ठरलेलंच. आई नसली तरी माहेर असतं, असं तीच म्हणाली होती. त्याच आठवड्यात तिचा फोन आला, रविवारी प्रशील सोडायला येतोय, दवाखान्यात नाव घालून ठेवा. मी फोन कानाला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. त्या ओट्यापाशी ती रोज उभी राहणार, वाकणार, श्वास घेणार, दोन जीवांचा. मी म्हणालो, थोडं थांब, घराला रंग देतोय. एवढ्या उन्हाळ्यात, असं तिने विचारलं. मी म्हणालो, रंगारी आत्ताच मोकळा होता. ती म्हणाली, बरं. दीपाचं बरं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, लहानपणी खेळणं नाकारलं की असंच म्हणायची आणि मग चार दिवस काही मागायची नाही. खरं सांगायचं तर तिला सगळंच सांगावं लागलं असतं. तुझ्या आईला ज्याने मारलं ते मी पैसे मोजून, ट्रकमधून, पेंढ्यात गुंडाळून घरी आणलं, हे मुलीला फोनवर कसं सांगायचं. मी जन्मभर मुलांना सांगितलं की शंका विचारा, लाजू नका. उपदेश फुकटचा असतो.

मी अभयकुमार शेठकडे गेलो. हायवेला तेच गोदाम, दगडांच्या लाद्या वह्यांसारख्या उभ्या, करवतीचं पाणी पांढरं वाहत होतं. शेठ आता थकलेत, खुर्चीतच बसून असतात, तरी मला ओळखलं. मी आडून आडून विचारलं, शेठ, या दगडातून काही निघतं का. ते म्हणाले, सर, चाळीस वर्षं याच्यात बसलोय, गुडघे सोडून काही गेलं नाही. हा काही पुरावा नव्हे असं मी म्हणणार होतो, पण तेच पुढे म्हणाले, मॅडम गेल्याचं कळलं, वाईट झालं, फार गोड बाई. मग हसून म्हणाले, त्या दिवशी तुम्ही लाद्या बघत होता तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं होतं, भाऊ, ओटा जरा बुटका करता येईल का. मी तुम्हाला ओरडून सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, चौतीस इंच ठेवा, स्टँडर्ड आहे. मला हे मुळीच आठवत नव्हतं. मला त्या क्षणी रागही आला, मी विचारतोय किरणोत्साराचं आणि हा माणूस इंच सांगतोय. म्हातारपणी माणसाला नको ते आठवतं असं म्हणत मी रिक्षात बसलो.

मयुरी माझी विद्यार्थिनी, आता कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिने दोन छोट्या पांढऱ्या डब्या दिल्या, घड्याळाएवढ्या, पडद्यावर आकडा येणाऱ्या. एक स्वयंपाकघरात ठेवा, एक बाहेरच्या खोलीत, म्हणजे ओट्यामुळे किती आणि जमिनीतून किती ते कळेल. बारा तास आधीपासून घर बंद ठेवा आणि मग अठ्ठेचाळीस तास खिडकी नाही, दार नाही, पंखा बाहेर हवा फेकणारा नाही. जायला यायला दार उघडलं तर लगेच लावायचं. मी ठरवलं, जायचंच नाही. सर, एप्रिल आहे, जपून, असं ती म्हणाली. मला तिचं कौतुक वाटलं आणि तिला खरं कारण सांगितलं नाही, ग्रुपवर उत्तर द्यायचंय म्हणालो. केळी आणली, मुरमुरे, शेव, दोन माठ भरून घेतले. शेजारच्या सुंदरबाईंनी विचारलं तर काहीतरी पुटपुटलो. खिडक्यांच्या फटींत जुनी वर्तमानपत्रं कोंबली आणि दार लावलं. जळगावच्या उन्हात बंद घर म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. भिंती दुपारपासून तापतात आणि ती ऊब मग बाहेर जायचं नाव घेत नाही. मी बनियनवर बसलो आणि चिकट होत गेलो. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक गोष्ट झाली ज्याचा मी विचारच केला नव्हता. बंद घराला वास आला. फोडणीचा जुना, कापराचा, तिच्या केसांना लावायच्या तेलाचा. दोन वर्षं मी खिडक्या सताड उघड्या ठेवून राहिलो होतो, आजाराचा वास जावा म्हणून. आजाराबरोबर मी तिलाही बाहेर काढत होतो की काय, असं वाटून मी खुर्चीत बसूनच रडलो. कुणी बघणारं नव्हतं, एवढं बरं.

मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसलो, ती जराशी गार असते. डबी वर ओट्यावर, मी खाली. आणि बसल्या बसल्या माझ्या समोर आला तो पाट. सागाचा, सातपुड्याच्या लाकडाचा, यावलहून तिने आणलेला. तो कायम ओट्याखाली उभा टेकवलेला असतो. सुलक्षणा चार फूट नऊ इंच होती की दहा, मला नक्की माहीत नाही. ओटा चौतीस. ती पाटावर उभी राहून फोडणी द्यायची, चहा गाळायची, दूध तापवायची. मी कितीदा म्हणालो असेन की ओटा खाली करून घेऊ, मे महिन्यात करू, दीपाच्या लग्नाआधी करू. आणि भाकरी तिला उंचावर थापता यायची नाही, जोर लागायचा नाही. मग ती खाली बसून परातीत थापायची, मी इथे बसलोय त्याच जागी, आणि भाकरी हातावर घेऊन उठायची, पाटावर चढायची, तव्यावर टाकायची, उतरायची, पुन्हा खाली बसायची. एका भाकरीला एक खेप. मी बाहेर टेबलावर बसून पेपर तपासायचो आणि मला पाटाचा आवाज यायचा, टक्, थोड्या वेळाने टक्. मी पाहुण्यांना सांगायचो, हिला गावाकडची सवय, खाली बसल्याशिवाय भाकरी जमत नाही हिला. ती हसायची. शेवटच्या वर्षात ती चढता उतरता धापा टाकायला लागली. एकेक खेप झाली की ओट्याला धरून थांबायची. मी ते बघितलं होतं. मी तिला म्हणालो, वजन कमी कर, चालायला ये माझ्याबरोबर. ती खरंच महिनाभर पहाटे चालायला आली, मेहरूणच्या तळ्यापर्यंत, माझ्या मागे दहा पावलं. मी वळून म्हणायचो, पाय उचल जरा.

हा विचार मी तिथेच थांबवला. मला डबीचा आकडा हवा होता. आकडा मोठा येवो असं मला वाटत होतं, हे आता लिहून टाकतो. मोठा आला असता तर गुन्हेगार दगड होता, वायू होता, राजवायूंचा रकाना होता, फार तर अज्ञान होतं. अज्ञानाला माफी असते. मी उठून बघितलं नाही, कारण मयुरीने सांगितलं होतं की सुरुवातीचे आकडे नाचतात, शेवटचाच घ्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी, डब्या लावून चव्वेचाळीस तास झाले होते, दार वाजलं. मी गप्प बसलो. सुंदरबाई असतील, जातील. पुन्हा वाजलं आणि मग आवाज आला, पप्पा. मी उठून दाराशी गेलो. बाहेर सुंदरबाई तिला त्यांच्या अहिराणीत सांगत होत्या की सर घरमाच शे, दोन दिन व्हयनात, बठ्ठ्या खिडक्या बंद, मी घाबरीसन तुला फोन लाया. दीपा म्हणाली, आतच आहेत, चप्पल बाहेर आहे. ती धुळ्याहून एकटी बसने आली होती, सातव्या महिन्यात, भर उन्हात. मी दाराच्या आत उभा होतो, कडीपासून हातभर अंतरावर, आणि घड्याळाकडे बघितलं. चार तास बाकी होते. लाज वाटते पण खरं आहे, मी हिशेब करत होतो. आत्ता उघडलं तर घरातली हवा जाईल, सगळं पुन्हा करावं लागेल, मयुरीकडून पुन्हा डब्या मागाव्या लागतील, आणि दीपा आत आली तर तोच श्वास. सुंदरबाई पाणी आणायला गेल्याचं कळलं. मग पायरीवर बसल्याचा आवाज आला, जड बाईमाणूस बसतं तसा, भिंतीला हात घासत. मला वाटलं, झोप लागली असेल तिला. मग ती दाराशी तोंड आणून हळू आवाजात बोलली, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पप्पा, रंगाचा वास येत नाहीये. तुम्हाला मी नको असेन तर तसं सांगा. मी पाचच्या गाडीने परत जाते."

मी कडी काढली. उजेड एकदम आत आला आणि मला काही दिसेना. तिने मला बनियनवर, दाढी वाढलेला, घामाने निथळणारा बघितलं आणि तिचा राग कुठे गेला कोण जाणे, ती माझं कपाळ चाचपायला लागली, ताप आहे का म्हणून. मी तिला उंबऱ्याबाहेरच धरून ठेवलं. आत येऊ नको म्हणालो. आणि तिथेच, पायरीवर, सुंदरबाई तांब्या घेऊन उभ्या असताना, मी सगळं ओकलो. ग्रुपवरचा मजकूर, रेडॉन, अर्धायुकाल, शेठ, डब्या. शेवटी म्हणालो, "तुझ्या आईला मीच मारलं गं, त्या दगडाने." सुंदरबाईंना काही कळलं नाही, पण त्या रडायला लागल्या.

दीपा रडली नाही. तिने पाणी प्यायलं, माझा हात बाजूला केला आणि आत गेली. एकेक खिडकी उघडत, वर्तमानपत्रं ओढून काढत, सरळ स्वयंपाकघरात. मी मागे. तिने दोन्ही डब्या माझ्या हातात आणून दिल्या. स्वयंपाकघरातली सदतीस दाखवत होती, बाहेरच्या खोलीतली एकोणचाळीस. मी मयुरीला तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, सर, चव्वेचाळीस तास पुष्कळ झाले, धोक्याची रेघ शंभराला, त्याच्या खूप खाली आहे, आणि ओट्यापाशी बाहेरपेक्षा जास्त नाही म्हणजे ओट्याचा काही संबंध नाही, जमिनीतून येतं तेवढं सगळ्यांकडेच येतं. खिडकी उघडी ठेवा म्हणजे झालं. मी विचारलं, मग सुलक्षणाला. तिला आता समजलं असावं. म्हणाली, सर, ते कुठलंच यंत्र सांगणार नाही. मी फोन ठेवला. दगड सुटला होता. चोर सोडून मी संन्याशाला सुळावर चढवायला निघालो होतो आणि आता सुळासमोर मी एकटाच उभा होतो.

दीपाने पातेलं घेतलं होतं चहासाठी. तिची उंची आईवर गेलेली, ती सवयीने पायाने पाट ओढून घ्यायला गेली आणि थांबली. पाटावर चढायचं तिला धाडस होईना, आणि खालून पोट आडवं येत होतं, बर्नरपर्यंत हात पोहोचेना. ती तशीच उभी राहिली, एक हात पोटावर, एक त्या काळ्या दगडावर. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ओटा उंच आहे, पप्पा. एवढं कळायला यंत्र कशाला लागतं?"

ती हे रागाने म्हणाली नाही. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि चहा मी केला. आलं किसताना मला ऐकू येत होतं ते टक्, थोड्या वेळाने टक्. मी पेपर तपासत होतो. पाटाचा आवाज मला या घरात तेरा वर्षं येत होता, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मला तो येतोय हेच मला माहीत नव्हतं. मी दीपाला म्हणालो, आई धापा टाकायची तेव्हा मी तिला चालायला नेत होतो. ती म्हणाली, माहीत आहे. मी म्हणालो, तिने तुला सांगितलं होतं का. ती म्हणाली, पप्पा, चहा उतू जाईल.

सोमवारी तोताराम मिस्त्री आला. लादी सावकाश उचलू, फुटली तर माझ्याकडे बोट दाखवू नका म्हणाला. मी म्हणालो, फुटू दे. त्याने विचारलं, किती ठेवायचा, स्टँडर्ड ना. मी टेप घेतली आणि दीपाला भिंतीशी उभं केलं. हात दुमडायला सांगितला आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजलं, मग भाकरीला जोर लागावा म्हणून सहा इंच खाली. तीस इंच भरले. मी पुन्हा मोजलं, तीसच. मग खाली गुडघ्यावर बसूनच मी विचारलं, आईची उंची किती होती गं. दीपा म्हणाली, आम्ही खांद्याला खांदा लावून बघायचो, माझ्याएवढीच. तोताराम पेन्सिलीने भिंतीवर खूण करून मोकळा झाला. त्याला संध्याकाळी दुसरं काम होतं.

मुलगी झाली. दीपा तीन महिने राहिली, त्या ओट्यावर तिने दूध तापवलं, पेज केली, एकदा भाकऱ्यासुद्धा केल्या, उभ्याने, वरच थापून. मी बाहेरच्या टेबलावर बसून ऐकत होतो, सलग आवाज येत होता, थप थप थप, मध्ये कुठे थांबणं नाही. मग प्रशील येऊन दोघींना घेऊन गेला. ग्रुपवर आता मी फारसा लिहीत नाही, लोक काय वाटेल ते पाठवतात. पाट मी कुणाला दिला नाही, तो ओट्याखाली पूर्वीच्याच जागी उभा आहे. मी पाच फूट आठ इंच. ओटा तीस. सकाळी चहा करताना मला वाकावं लागतं आणि कंबर भरून येते. दीपा फोनवर म्हणते, पप्पा, एकटेच आहात, परत वर करून घ्या की. मी म्हणतो, बघू, मे महिन्यात करू.